आठ वर्षांनी पुन्हा डाइव्हिंग: कुठला रिफ्रेशर घ्यायचा?

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आपल्या इंदूरचेच एक दादा आहेत, वय ४७. २०१६ ला अंदमानच्या हॅवलॉक बेटावर ओपन वॉटर हा स्कुबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स केला, २०१७ मध्ये अजून एक ट्रिप झाली, एकूण डाइव्ह ११, आणि मग नोकरी, फ्लॅट, कोविड, राहूनच गेलं. आता डिसेंबरात परत अंदमान, यावेळी १३ वर्षांची लेक सोबत, ती तिथे कोर्स करणार आणि शेवटचे दोन दिवस बापलेकीनं एकत्र डाइव्ह करायचा बेत आहे. तीन सेंटरांना फोन केले तर तीन उत्तरं आली. एक म्हणतो कोर्सचं कार्ड आहे ना, या सरळ. दुसरा म्हणतो पुढचा कोर्स, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्डच करून टाका, त्यात सगळं आठवतं. तिसरा म्हणतो अर्ध्या दिवसाचा रिफ्रेशर घ्या. वहिनींचं म्हणणं आहे की इथल्याच पूलमध्ये प्रॅक्टिस करून जा, पैसे वाचतील. शिवाय माळ्यावर मास्क, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात आणणारा) आणि खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर पडलाय, तो चालेल का.

दादा, मी लोकमान्य नगरची. १४ सीझन अंदमानात इन्स्ट्रक्टर आहे, पावसाळ्यात घरी येते, आईच्या हातचं खाते आणि ऑक्टोबरात वेटसूटची चेन लागत नाही म्हणून रडते. तर सांगते.

तिसरा बरोबर आहे. पण "अर्ध्या दिवसाचा रिफ्रेशर" या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात तुम्हाला सकाळी बाकीच्यांच्या बोटीत बसवतात, स्पॉटवर उतरल्यावर पाच मीटरवर वाळूत गुडघे टेकायला लावतात, एकदा मास्कमध्ये पाणी घेऊन काढायचं, एकदा रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायचा, इन्स्ट्रक्टर ओके करतो आणि चला खाली, बाकीचे चार जण वाट बघतायत. दहा मिनिटांत उरकतं. दुसऱ्या प्रकारात किनाऱ्यावरून चालत कमरेइतक्या पाण्यात जाता, किट स्वतः लावता, एक एक गोष्ट हात थरथरायचा थांबेपर्यंत करता, मग तिथेच आठ-दहा मीटरपर्यंत एक निवांत डाइव्ह. तुम्हाला दुसरा हवाय. आणि हो, तो सुट्टीतल्या पहिल्या बोट डाइव्हला जोडून नको, त्याचा वेगळा वेळ काढा.

एवढा आग्रह का, तर तुमच्या लेकीमुळे. ती १३ ची, म्हणजे तिला ज्युनियर ओपन वॉटर कार्ड मिळेल, आणि पाडीच्या (कोर्स घेऊन कार्ड देणारी संस्था) नियमात १२ ते १४ वयाच्या मुलांनी सर्टिफाइड मोठ्या माणसासोबतच डाइव्ह करायचा असतो. शेवटच्या दोन दिवसांत तो मोठा माणूस कोण? तुम्ही. गाइड पुढे असेलच, पण गाइडच्या मागे आणखी तिघं असतात. तिला हवा कमी पडली किंवा मास्क निघाला आणि ती घाबरली तर हात लांब करून पोचेल एवढ्या अंतरावर तुम्हीच असणार. म्हणून सेंटरला पहिलं हेच विचारा, की रिफ्रेशरमध्ये हवा शेअर करून दोघांनी वर येण्याची प्रॅक्टिस दोन्ही बाजूंनी करून घेणार का, म्हणजे एकदा मी घेणारा आणि एकदा मी देणारा. बहुतेक ठिकाणी फक्त घेणाऱ्याचं करवतात, कारण ते सोपं पडतं. देणाऱ्यालाच तर सुचावं लागतं की पिवळा ऑक्टोपस (दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) कुठे लटकतोय, समोरच्याच्या तोंडात तो उलटा जात नाहीये ना, आणि त्याच्या बीसीडीचा (हवा भरून तरंगायच्या जॅकेटचा) पट्टा पकडून दोघांनी सावकाश वर यायचं.

आता पहिल्या सेंटरचं. कार्ड एक्स्पायर होत नाही हे अगदी खरं, पण तुम्ही कधीतरी हे शिकला होतात, याच्यापलीकडे ते काही सांगत नाही. लोक म्हणतात सायकल आणि पोहणं माणूस विसरत नाही. दादा, अडचण नेमकी तीच आहे, पोहणं विसरत नाही! पोहणाऱ्याचं डोकं पाण्यात गेलं की श्वास आपोआप थांबतो, हात वल्ह्यासारखे चालतात, आणि पाणी नाकाला लागलं की वर यायचं हे तर अंगातच असतं. स्कुबात तिन्ही सवयी उलट्या करायच्या. आठ वर्षांत विसरतो ते हे उलटं केलेलं, मूळ पोहणं तसंच राहतं. म्हणूनच रिफ्रेशरला येणारे चांगले पोहणारे लोक मला जास्त घाम फोडतात. श्वास रोखायची सवय तर सगळ्यात वाईट. भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून वर यायला लागलं तर एक-दीड मीटरचा फरकसुद्धा इजा करायला पुरतो.

मागे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते, पाच वर्षांचा गॅप, क्लबात रोज ४० लॅप मारणारे. त्यांना सांगितलं, चार मीटरवर मास्क अर्धा भरा. भरला. पाणी नाकपुड्यांना लागलं, नाकानं श्वास ओढला गेला, आणि माणूस रॉकेटसारखा वर. मी त्यांचा फिन पकडला म्हणून दोन मीटरवर थांबले. वर आल्यावर म्हणतात, "मॅडम, हे मला सगळं येतं हो." येतच होतं की! थिअरी विचारा, घडाघडा सांगत होते. पण नाकाला कोण सांगणार.

हे नाक मात्र तुम्ही इंदूरातच तयार करू शकता आणि इथे वहिनींना पूर्ण मार्क. उभं राहता येईल अशा चार फूट पाण्यात जा, मास्क न लावता फक्त स्नॉर्केल तोंडात धरा, चेहरा पाण्यात, डोळे मिटले तरी चालतील, आणि तोंडानं श्वास घेत राहा. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत डोकं बाहेर येईल, नाकात झिणझिण्या, शेजारचा पोरगा हसेल. रोज थोडं वाढवा. सलग पाच मिनिटं आरामात जमली की समजा रिफ्रेशरचा निम्मा ताण इथेच संपला. यासोबत न थांबता २०० मीटर पोहणं, कितीही सावकाश, आणि दहा मिनिटं तरंगणं. ओपन वॉटरला हेच मागतात, तेव्हा जमलं होतं, आता जमतंय का बघा. फक्त एक करू नका, मोठमोठे श्वास भरून पाण्याखालून लांब जायची स्पर्धा, कोणाशीही नको आणि स्वतःशीही नको. त्यात माणूस इशारा न मिळता बेशुद्ध होतो, चांगल्या पोहणाऱ्यांचंच होतं.

पूलनं पैसे वाचतील का? नाही वाचणार. पूल गोड्या पाण्याचा, उथळ, तळ दिसतो. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, म्हणजे तुम्ही आणि किट मिळून १०० किलो असाल तर बुडायला अंगावर लावतात ते शिशाचं वजन पूलपेक्षा समुद्रात अडीच किलो जास्त लागणार, त्यामुळे इथे बसवलेला बॅलन्स तिथे उपयोगाचा नाही. आणि इथे सिलिंडर शोधत तर अजिबात फिरू नका. मला खरंच एकानं विचारलं होतं की ताई, मेडिकल ऑक्सिजनवाल्याकडून भरून घेऊ का, पूलमध्येच तर आहे. अहो, स्कुबाच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, फिल्टर केलेली साधी हवा असते! निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी व्हायला लागतो, आणि ऑक्सिजनसाठी साफ न केलेल्या रेग्युलेटरमधून जोरात सोडला तर आग लागू शकते.

वजनाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबते, कारण गॅपनंतर येणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं. तुम्ही जुनी लॉगबुक काढाल, त्यात लिहिलेलं असेल ५ किलो, आणि तेवढंच मागाल. पण ते २०१७ चं शरीर होतं. तेव्हापासून सराफ्यात खायला किती चकरा झाल्या ते तुम्हालाच माहीत, चरबी तरंगते, वेटसूटही दुसरा असेल. त्यातून बरेच गाइड नवख्याला मुद्दाम दोन किलो जास्त लावतात, पटकन खाली जावा म्हणून. मग तो खाली जातो दगडासारखा, घाबरून बीसीडीत हवा भरतो, फुग्यासारखा वर येतो, हवा सोडतो, परत दगड. पूर्ण डाइव्ह लिफ्टसारखा वर-खाली आणि ४० मिनिटांची हवा २५ मिनिटांत संपलेली. बरं, हे उथळ पाण्यातच जास्त त्रास देतं, कारण दहा मीटरवरून वर येईपर्यंत हवेचा आकार दुप्पट होतो, तर तीस मीटरवरून वीसला येताना तो तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो. लोकांना वाटतं उथळ म्हणजे सोपं!

तर वजन असं तपासा. पुरुषभर पाण्यात, पूर्ण किट अंगावर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडी पूर्ण रिकामं, हातपाय स्थिर, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. याच्या आधीच बुडालात तर एक किलो काढा. सिलिंडर भरलेलं असताना हे केलं तर वर साधारण दोन किलो जोडा, कारण आपल्याकडे जे अ‍ॅल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर मिळतं त्यात २०० बार दाबाला अडीच किलोच्या आसपास हवाच असते, ती संपली की सिलिंडर तरंगायला लागतं आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप करताना तुम्ही वर ओढले जाता. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. सेंटरला फोनवर विचारा, वेट चेक करवता का? "आम्ही बघून सांगतो हो किती लागेल" असं म्हणाले तर ओळखून घ्या.

दुसरा प्रश्न विचारा: किट मी स्वतः लावणार की लावलेलं मिळेल? आपल्याकडे सेवा म्हणून सगळं लावून, अंगावर चढवून, फिन्ससुद्धा पायात घालून देतात. छान वाटतं, मलाही आवडतं. पण याच आवडीनं मला एकदा धडा शिकवला. कोविडमुळे मी स्वतः जवळजवळ वीस महिने पाण्याबाहेर होते. पहिल्याच दिवशी एका बोटीवर (माझं नेहमीचं सेंटर नव्हतं) पोरानं किट लावून दिलं, मी इन्स्ट्रक्टर, मला काय तपासायचं, उडी मारली. वर असताना मस्त श्वास येत होता. १४ मीटरवर गेले तर श्वास असा यायला लागला की जाड लस्सी बारक्या स्ट्रॉनं ओढतोय. सिलिंडरमधली हवा दाखवणारा गेज बघितला, १५० बार. परत श्वास घेतला तर काटा धपकन ६० वर आणि लगेच परत वर. तेव्हा कळलं. निघताना कोणीतरी "खात्री" म्हणून व्हॉल्व्ह फिरवला होता, चुकीच्या बाजूला, पूर्ण बंद, आणि मग जुन्या पद्धतीप्रमाणे अर्धा फेरा उलटा. म्हणजे उघडा फक्त अर्धा फेरा. वरती तेवढी हवा पुरते, खाली प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, तिथे पुरत नाही. बडीला, म्हणजे सोबतच्या डाइव्हरला, मागे बोट दाखवलं, त्यानं उघडला, काही झालं नाही, पण तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना करायला लावते: उडी मारायच्या आधी गेज डोळ्यासमोर धरून चार-पाच खोल श्वास रेग्युलेटरमधून घ्यायचे. काटा हलायला नको. हलला, थरथरला, की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही. नुसतं "२०० आहे, ओके" म्हणून गेज सोडून देऊ नका. लेकीलाही हे शिकवा, तिचा काटा तुम्ही बघायचा आणि तुमचा तिनं.

तिसरा प्रश्न, इन्स्ट्रक्टरमागे किती जण? रिफ्रेशरला दोनाच्या वर नको. आणि चौथं विचारायचं नाही, फक्त ऐकायचं, की फोनवर ते तुम्हाला काय विचारतात. शेवटचा डाइव्ह कधी, एकूण किती, तेव्हा काही त्रास झाला होता का, बीपी, औषधं, कान. ज्यानं यातलं काही न विचारता आधी तारीख आणि आगाऊ पैसे मागितले, त्याला ट्रिपच्या शेवटी ठेवा किंवा ठेवूच नका. ब्रँडचं फार मनावर घेऊ नका. पाडीत त्याला रिअ‍ॅक्टिव्हेट म्हणतात, त्यात थिअरीचा भाग ऑनलाइन असतो आणि कार्डावर नवीन तारीख पडते, एसएसआय या तशाच दुसऱ्या संस्थेत स्कुबा स्किल्स अपडेट म्हणतात. पाडीचं कार्ड असून एसएसआयच्या सेंटरात रिफ्रेशर केला तरी हरकत नाही. थिअरी मात्र इथूनच करून जा, तिथे नेट अडलं तर व्हिडिओ फिरत बसतो.

अ‍ॅडव्हान्स्डवाल्याचं थोडक्यात: नको, आत्ता नको. त्यात पाच डाइव्ह असतात आणि डीप आणि नेव्हिगेशन सक्तीचे, म्हणजे ज्याला अजून चार मीटरवर मास्क झेपेल की नाही माहीत नाही त्याला १८ च्या खाली न्यायचं. रिफ्रेशर करा, एक-दोन उथळ डाइव्ह होऊ द्या, मग पैसे शिल्लक असतील तर पीक परफॉर्मन्स बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं) हा एकच विषय घ्या. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्जचे फोटो बघून मन चळेल, पण त्या खोल जागा आहेत आणि तुमचं कार्ड १८ मीटरचं. ओपन वॉटर पूर्ण परत करण्याची गरज मला तुमच्या बाबतीत वाटत नाही. हां, थिअरी काढून बसलात आणि सगळं नवंच वाटलं, म्हणजे २०१६ ला घाईत उरकला होता असं लक्षात आलं, तर लेकीसोबत बिनधास्त परत करा, त्यात कमीपणा काही नाही.

तिचा कोर्स तीन-चार दिवस चालेल, त्याच काळात तुमचं बसवा. पहिला दिवस फेरीनं पोचण्यात जाईल. दुसऱ्या दिवशी रिफ्रेशर, तिसऱ्या दिवशी एकच डाइव्ह, १२ मीटरच्या आत, आणि चौथा दिवस रिकामा असला तरी चालेल. तिचा इन्स्ट्रक्टर वेगळा असू द्या आणि तिच्या पूल सेशनला काठावर उभं राहून सूचना देऊ नका, सगळे बाप देतात.

मेडिकल फॉर्म आत्ताच भरा. २०२० पासूनचा नवा फॉर्म दहा प्रश्नांचा आहे आणि त्यात ४५ च्या वरच्यांना वेगळा भाग आहे: सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात लवकर आलेला हृदयविकार. यातल्या एकालाही हो असेल तर डॉक्टरची सही लागते. तुम्ही बीपीचा उल्लेख केला नाहीये पण ४७ वय आहे म्हणून विचारते, गोळी चालू असेल तर लपवू नका. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे येतं आणि हृदयावर तसाही भार वाढतो. सही इंदूरात आरामात मिळते, हॅवलॉकला त्यासाठी दिवस फुकट जाईल. कान-नाक-घसावाल्यांनाही एकदा दाखवा. आणि सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचं नाही, तिचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतात.

परतीचं विमान: एकाहून जास्त डाइव्ह झाले की शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते आपल्या लोकांना, जे मालवणला गाडीनं जातात, सकाळी डाइव्ह करतात आणि जेवून लगेच आंबोलीनं वर चढतात. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, आणि विमान प्रवासाचे हे नियम ६०० मीटरच्या थोडं वरूनच लागू धरतात, मग ती उंची विमानात मिळो की घाटात. तुम्ही यंदा जात नाही आहात पण सांगून ठेवते, मालवणला एक रात्र जास्त राहा. आणि किल्ल्याजवळ हात धरून पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणतात, ती नवख्यांची मजा आहे, त्याला रिफ्रेशर समजू नका.

राहिला माळा. मास्क घेऊन या, सिलिकॉन चिकट किंवा काळपट झाला नसेल आणि स्ट्रॅप ताणल्यावर बारीक भेगा दिसत नसतील तर. चेहऱ्याला बसणारा जुना मास्क नव्या भाड्याच्या मास्कपेक्षा बरा, पण स्ट्रॅप नवीन घाला. कॉम्प्युटरची बॅटरी सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या, सोबत ओ-रिंगही, आणि चालू होतोय एवढ्यावर समाधान मानू नका, रिफ्रेशरच्या दिवशी इन्स्ट्रक्टरच्या कॉम्प्युटरशी खोली जुळवून बघा. रेग्युलेटर मात्र आठ वर्षं इंदूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर होता, आतलं रबर कडक झालेलं असणार. सर्व्हिस न करता तो पाण्यात न्यायचाच नाही, आणि सर्व्हिसला पाठवून परत येईपर्यंत डिसेंबर उजाडेल, तेव्हा यंदा भाड्यानं घ्या. घेताना माउथपीस दातात धरून बघा, फाटका असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा, लाजू नका.